बसलेली गाय, पितृपक्षातलं पान आणि तीन एकर वावर

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिला, नागपुरात मानेवाड्याकडच्या तुमच्या लेआऊटमध्ये एक गाय परवापासून बसून आहे, उठूनच नाही राहिली, पितृपक्ष चालू आहे म्हणून घरोघरचे लोक तिच्यासमोर पान वाढून राहिले, खीर वडे भात सगळं, आणि आता ती तेही खात नाही. दुसरा, काटोल रोडला तुमचं तीन एकर वावर पडून आहे, तिथे अशा आठ-दहा गायी आणून ठेवायच्या तर काय काय लागेल. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे आणि पहिल्याला वेळ नाही, म्हणून आधी पहिलं वाचा आणि लगेच खाली जा.

जाता जाता १९६२ ला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे. गाडी यायला वेळ लागत असेल तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजच्या दवाखान्यात विचारा, १९५८ पासूनचं कॉलेज आहे, मोठ्या जनावरांचं ऑपरेशन करणारे हात तिथे आहेत. फोनवर "गाय आजारी आहे" एवढंच सांगू नका. कधीपासून बसली, काय काय खाल्लं, शेण पडलं का, कसं पडलं, नुकती व्यालेली दिसते का, कुठे जखम आहे का, हे सांगा म्हणजे डॉक्टर त्या तयारीने निघतात. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा १२ आकडी नंबर लिहून घ्या, त्यावरून मालक सापडू शकतो.

आता तिच्याजवळ गेल्यावर. तोंडातून लाळ गळते आहे, घास गिळता येत नाही, हंबरडा घोगरा येतो, असं काही दिसलं तर तोंडात हात घालायचा नाही. घशात काहीतरी अडकलं असेल म्हणून लोक कोपरापर्यंत हात घालतात. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या गायीची लक्षणं अगदी अशीच दिसतात, आणि ती लाळ तुमच्या बोटावरच्या बारक्या चिरेतूनही आत जाऊ शकते. असा संशय असेल तर लांब राहा, पोट्ट्यांना लांब ठेवा, डॉक्टरांना तेच पहिले सांगा. कुणाचा हात आधीच गेला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

तसं काही नसेल तर ती कशी बसली आहे ते बघा. छातीवर, पाय पोटाखाली घेऊन बसली असेल तर ठीक. पूर्ण आडवी पडली असेल तर तिला आधी छातीवर बसवा आणि कलू नये म्हणून बाजूने मातीने भरलेल्या चुंगड्या लावा. गाय आडवी पडून राहिली की पोटातला गॅस बाहेर निघत नाही, फुगते, आणि पोटातलं पाणी घशात येऊन फुप्फुसात उतरतं. कितीतरी गायी मूळ आजाराने नाही, या आडवं पडण्याने जातात.

मग जागा. सिमेंट रोडवर असेल तर तिथून हलवायला पाहिजे. तीनशे साडेतीनशे किलोचं अंग एका मांडीवर सहा-आठ तास दाबून राहिलं की त्या मांडीचं मांस आणि नस दोन्ही मरायला लागतात, मग मूळ आजार बरा झाला तरी ती उठत नाही. पायाला, मानेला दोरी बांधून ओढू नका, आणि शेपटी धरून तर अजिबात उचलू नका, शेपटीचे मणके निखळतात. जाड ताडपत्री घ्या, चार माणसांनी तिला हळूच कलती करून अर्धी गुंडाळलेली ताडपत्री खाली सरकवा, दुसऱ्या बाजूने ओढून घ्या आणि ताडपत्रीसकट ओढत मऊ मातीवर, रेतीवर न्या. खाली वीतभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाका. दर तीन-चार तासांनी बाजू बदला, रात्रीसुद्धा. लेआऊटमध्ये माणसं खूप असतात, पाळ्या लावून घ्या.

आणि आता खायला काही देऊ नका. हे तुम्हाला जड जाईल, शेजारच्या काकूंना त्याहून जास्त जड जाईल, कारण पितरांचं पान गायीला गेलं पाहिजे ही त्यांची मनापासूनची भावना आहे आणि मी ती मोडा असं म्हणत नाही. पण गायीचं पोट काय आहे ते त्यांना समजावून सांगा. तिच्या पोटाचा जो सगळ्यात मोठा कप्पा, कोटीपोट, त्यात शंभर-दीडशे लिटर माल मावतो आणि त्यात जंतू राहतात. चारा गाय पचवत नाही, ते जंतू पचवतात, गाय त्यांच्या जिवावर जगते. हे जंतू काडी-कुटारावर, म्हणजे पिकाच्या कोरड्या चाऱ्यावर, वाढलेले असतात. त्यांच्यावर अचानक भात, पोळ्या, खीर, वडे पडले की वेगळेच जंतू माजतात, ते आम्ल तयार करतात, चांगले जंतू मरतात, आणि अंगातलं पाणी ओढून पोटात जमा होतं. गाय आतून सुकते, वरून पोट भरलेलं दिसतं. याला ॲसिडोसिस म्हणतात. लग्नसराईनंतर, भंडाऱ्यानंतर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आणि पितृपक्षात आमच्याकडे अशा गायी येतात, दरवर्षी येतात, आणि प्रत्येक वेळी तिला मारायचं कुणाच्याच मनात नसतं.

ओळखायचं कसं ते सांगतो. तिच्या डाव्या बाजूला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे जो खळगा असतो, ती डावी भकाळी. तिथे मूठ दाबून ठेवा आणि घड्याळ बघा. निरोगी गायीचं कोटीपोट दोन मिनिटांत दोन-तीन वेळा तुमची मूठ बाहेर ढकलतं, आतून कुणीतरी हळूच कूस बदलल्यासारखं वाटतं. ते हललंच नाही, आणि मूठ झटक्याने दाबल्यावर अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या कॅनसारखा डुबुक-डुबुक आवाज आला, कान थंड, डोळे खोल, शेण पातळ आणि आंबट वासाचं, तर बहुतेक हेच आहे. भकाळी ढोलकीसारखी टणक फुगलेली असेल तर ती पोटफुगी, आणि मग एक-एक मिनिट मोलाचा आहे, डॉक्टरांना पुन्हा फोन करा. खायचा सोडा, गोडं तेल हे इलाज खरे आहेत पण बसलेल्या गायीचं तोंड वर धरून बाटलीने पाजू नका. ते सरळ फुप्फुसात जातं. डॉक्टर नळी घालून देतील.

नुकती व्यालेली असेल, मान वळवून स्वतःच्या कुशीवर टेकवून बसली असेल, तर कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं, आणि तिथे फरक डोळ्यासमोर दिसतो, बाटली संपता संपता गाय उठून उभी राहते. पण ते कॅल्शियम शिरेतून अगदी हळू द्यावं लागतं, हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून. मी एकदा घाईघाईत देताना पाहिलंय, अर्ध्या बाटलीत गाय गेली, माझा हात तिच्या मानेवर होता. म्हणून डॉक्टरांनाच देऊ द्या, आणि वेळ लागला तर लागू द्या. दुखण्यावर इंजेक्शन देणार असतील तर मेलॉक्सिकॅम द्या म्हणून सांगा. डायक्लोफेनॅकवर २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे, ते दिलेली गाय मेली आणि गिधाडांनी खाल्ली की गिधाडं मरतात, तरी कुठे कुठे माणसांसाठीची डायक्लोफेनॅकची बाटली अजून वापरली जाते.

आता वावराचं.

मी गेली चौदा वर्षं हिंगण्याच्या पुढे हे काम करून राहिलो, सध्या ४३ जनावरं आहेत, त्यातले १९ बैल आणि गोऱ्हे. पहिल्या वर्षी माझं जे चुकलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही तिथेच उभ्या आहात. जानेवारीत सुरू केलं, कुणी फोन केला की मी गाडी घेऊन निघायचो, एप्रिलपर्यंत अकरा गायी झाल्या. मे महिन्यात कुटार संपलं. नवतपा सुरू झाला, पारा ४५ च्या वर, आणि मी गावोगाव तणस विचारत फिरत होतो, मिळेल त्या भावात, मिळेल तसं. त्यातलं एक गाडीभर तणस आतून बुरशी आलेलं होतं, भुकेल्या गायींनी ते खाल्लं, दोन गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भ पडला, आणि एक गेली. तिला मी भांडेवाडीच्या कचऱ्यातून काढून आणलं होतं. वाचवून आणलेली गाय माझ्याच दावणीला मेली. तेव्हापासून आधी चारा मोजतो, मग गायी.

हिशोब सोपा आहे. ३०० किलोच्या गायीला रोज साडेसात किलोच्या आसपास कोरडा चारा धरा. दहा गायींचे ७५ किलो, वर्षाचे २७ टन. हे २७ टन मे महिन्यात विकत मिळत नाहीत, ते पिकाच्या वेळी घ्यायचे असतात. सोयाबीनचं कुटार दसरा-दिवाळीच्या आसपास, धानाचं तणस त्यानंतर मौदा-रामटेक-भंडाऱ्याकडून, तूर आणि चण्याचं कुटार फेब्रुवारी-मार्चमध्ये, गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, त्याच्या मागून. म्हणजे पैसा वर्षभर हळूहळू नाही लागत, तीन-चार महिन्यांत एकदम लागतो, आणि देणारे लोक मात्र पाचशे-हजार महिन्याला देतात. तेवढा साठा ठेवायला पक्कं छत पाहिजे, खाली लाकडाचे ओंडके टाकून जमिनीपासून उंच, आणि गोठ्यापासून लांब, कारण तणशीच्या गंजीला आग लागली तर काहीच हाती राहत नाही. पाणी असेल तर अर्धा-एक एकरात नेपिअर गवत लावा. ज्वारी लावली तर कोवळी असताना, खासकरून पाऊस ओढून सुकलेली असताना, एकही गाय तिकडे जाऊ देऊ नका, त्यात विष असतं, तासाभरात गाय जाते.

गोठ्याला पैसा घालण्याआधी मुरूम टाका. काटोल रोडला तुमची माती काळी असेल तर पहिल्याच पावसात ढोपरभर चिखल होतो, खुरांत चिखल राहतो, खूर सडतात, लंगडी गाय खायला उठत नाही आणि बसली की पुन्हा वर लिहिलं तेच सगळं सुरू. मुरमाचा उंच, एका बाजूला उतार असलेला अंगण करा. एका गायीला छताखाली ४० चौरस फूट आणि मोकळं ८० चौरस फूट तरी ठेवा. म्हाताऱ्या जनावरांना सिमेंटची फरशी नको, घसरतात आणि उठता येत नाही. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे सावली आत राहते, टिनावर तणशीचा थर टाका. उन्हाळ्यात एक गाय ६०-७० लिटर पाणी पिते, टाकं सावलीत पाहिजे, गरम पाणी त्या पीत नाहीत. आणि चारा पहाटे आणि रात्री द्या, कारण चारा पोटात आंबताना उष्णता तयार होते, दुपारी बाराला खाल्लेलं त्यांना दुपारी चारला आतून भाजतं. आपल्याकडची देशी गवळाऊ गाय हे सगळं सोसते, एचएफ क्रॉस, म्हणजे विदेशी होल्स्टिनची संकरित गाय, जीभ बाहेर काढून धापा टाकते, तिच्यासाठी फवारे आणि पंखे लागतात.

नवीन आलेलं जनावर कळपात सोडायचं नाही, किमान २१ दिवस वेगळं, भांडीसुद्धा वेगळी. २०२२ ला लम्पी हा कातडीचा साथरोग आला तेव्हा ज्यांच्याकडे वेगळी जागा नव्हती त्यांचे हाल मी पाहिले. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी, लाळ्या-खुरकतची वर्षातून दोनदा. गोचीड महिन्यातून एकदा तरी कान, कास, शेपटीखाली हात फिरवून शोधा. गाय लाल लघवी करायला लागली, अंग तापलं, तर तो गोचिडाचा ताप, वाट बघू नका. आणि ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्याच, त्याने गायी गाभडतात आणि तो माणसालाही होतो. गाभडलेल्या गायीचा जार हातमोज्याशिवाय उचलणारा माझ्याकडचा एक माणूस तीन महिने तापाने झोपून होता.

शहरातून आलेल्या प्रत्येक गायीच्या पोटात प्लास्टिक आहे असंच धरून चाला. वरून पोट मोठं, पाठीचा कणा बाहेर, खाते पण भरत नाही. एका पांढऱ्या गायीचं ऑपरेशन मी शेजारी उभं राहून पाहिलंय. गाय उभीच असते, डाव्या भकाळीला सुन्न करतात, चीर देतात, आणि डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालतात. पिशव्या सुट्या निघत नाहीत, सगळ्या एकमेकींत पिळून दोरखंड झालेला असतो, तो ओढत ओढत काढावा लागतो. दुधाच्या पिशव्या, गाठ मारलेल्या कॅरीबॅग, आत अजून भाजीची सालं तशीच, नायलॉनची दोरी, चपलेचा पट्टा, तीन खिळे. अडीच तास लागले. वजन केलं, ३४ किलो. गाय तेवढा वेळ शांत उभी होती, एकदा फक्त मान वळवून त्या ढिगाकडे पाहिलं. दहाव्या दिवशी तिने रवंथ केला तेव्हा आम्ही सगळे काम सोडून बघत बसलो. पण हे ऑपरेशन सगळ्यांना झेपत नाही. अशक्त गायीला आधी महिनाभर अंगावर आणावं लागतं, आणि गिळलेली तार हृदयापर्यंत गेली असेल, म्हणजे पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी) सुजली आहे, कोपरं बाहेर काढून उभी राहते, उतारावरून उतरायला भिते, तर बऱ्याचदा हाती फार काही राहत नाही.

तुम्ही "गायी" लिहिलं म्हणून सांगतो, फोन बैलांचे आणि गोऱ्ह्यांचे जास्त येतील. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. ट्रॅक्टर आल्यावर म्हातारा बैल आणि क्रॉस गोऱ्हा कुणाला परवडत नाही, कास्तकार तरी काय करेल, रात्री रस्त्यावर सोडून जातो. आमच्याकडे एक जोडी आली होती, सर्जा आणि पाखऱ्या. आयुष्यभर एका बंडीला जुंपलेले. सर्जा कायम उजवीकडे, मोकळ्या वावरातसुद्धा, पाण्यावरसुद्धा. पाखऱ्या गेला तेव्हा सर्जाने दोन दिवस काही खाल्लं नाही आणि तो उभा राहताना डावीकडे एका बैलाएवढी जागा सोडून उभा राहायचा. मग आम्ही एक आंधळा गोऱ्हा त्याच्या डावीकडे बांधला. आठवड्याभरात सर्जा त्याची मान चाटायला लागला, आता तो आंधळा त्याच्या खांद्याला खांदा लावून पाण्यावर जातो. म्हणून जोडीने आलेल्यांना तोडू नका, नोंदवहीत कोण कुणाजवळ बसतं हेही लिहून ठेवा.

वळू वेगळे ठेवा किंवा डॉक्टरांकडून खच्चीकरण करून घ्या, नाहीतर दोन वर्षांत आठच्या चौदा होतील आणि बाहेरच्या एकीलाही जागा राहणार नाही. काही गाभण येतीलच, त्यांचं दूध वासराला, विकायचं नाही हे माझं मत आहे. दूध विकायला लागलं की हिशोब दूध देणारीच्या बाजूने झुकतो आणि भाकड गाय पुन्हा ओझं होते. तिचं आयुष्य १८-२० वर्षांचं असतं, लोक सात-आठव्या वर्षी सोडतात, उरलेली सगळी वर्षं तुमच्याकडे.

कागद पक्के ठेवा. मालक असलेली गाय दयेने उचलून नेली तरी चोरीची तक्रार होऊ शकते. पोलिसांत नोंद, फोटो, डॉक्टरांचा दाखला. पोलिसांनी पकडलेल्या गाडीतली जनावरं असतील तर ती खटल्याची मालमत्ता असते, पंचनामा आणि सुपूर्तनाम्याशिवाय, म्हणजे जनावर सांभाळायला दिल्याच्या कागदाशिवाय, घेऊ नका, आणि निकाल लागेपर्यंत त्यातलं कुणी कुणाला देऊन टाकता येत नाही. गोसेवा आयोगाकडे नोंदलेल्या गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये द्यायचं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं आहे, पण त्या पैशावर अवलंबून गायी आणू नका, क्रॉस जनावरं त्यात बसत नाहीत आणि माणसाची मजुरी, औषध तर वेगळंच. पहिल्या वर्षी तीनच आणा. एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा काढा, मग चौथीचा विचार करा.

पण हे सगळं नंतर. आत्ता ताडपत्री, चुंगड्या आणि चार माणसं गोळा करा. काकूंना सांगा पान झाडाखाली कावळ्याला ठेवा, आणि गायीच्या नावाने ओंजळभर हिरवं गवत काढून ठेवा, ती उठली की तेच पहिलं द्यायचं. पाण्याची बादली तिच्या तोंडापाशी ठेवा, स्वतःहून प्यायली तर पिऊ द्या. रात्री दहाला बाजू बदला, एकला, चारला. प्रत्येक वेळी डाव्या भकाळीवर मूठ ठेवून दोन मिनिटं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. सकाळी शेण पडलं की नाही, पातळ की घट्ट, रंग कसा, तेवढं मला कळवा.